भूमी कोणाची, निधी कोणाचा?

मार्च २०२५ च्या पहिल्या आठवड्यात मध्य प्रदेशातील बऱ्हाणपूर जिल्ह्यातून आलेली दृश्ये देशभर पाहिली गेली. असीरगड किल्ल्याजवळच्या शेतांत, रात्रीच्या अंधारात, विजेऱ्यांच्या उजेडात माणसे जमीन उकरीत होती. कोणाच्या हाती कुदळ, कोणाच्या हाती चाळणी, तर काहींच्या हाती धातू शोधणारी यंत्रे. महामार्गाच्या कामासाठी खणलेली माती तेथील शेतात टाकली गेली होती आणि त्या मातीत सोन्याची नाणी असल्याची कुजबुज पसरली होती. त्यातच फेब्रुवारीत ‘छावा’ हा चित्रपट प्रदर्शित झाला. मोगलांच्या ऐश्वर्यसंपन्न बऱ्हाणपुरावर मराठ्यांनी घातलेला छापा पडद्यावर दिसला आणि कुजबुजीचे रूपांतर झुंबडीत झाले. अखेर पोलिसांना त्या शेतात जावे लागले.

गंमत अशी की, चित्रपटात जे दाखविले त्यावर या मंडळींनी खरोखर विश्वास ठेवला असता, तर त्यांनी कुदळ हाती घेतलीच नसती. १६८१ च्या आरंभी मराठी फौजेने बऱ्हाणपूरच्या संपन्न पुऱ्यावर छापा घातला आणि हाती लागलेली संपत्ती स्वराज्यात आणली. जी लुटून नेली, ती तेथेच पुरलेली कशी असणार? परंतु लोभाला तर्कशास्त्र शिकविण्याच्या भरीस कोणी पडू नये.

या प्रसंगावर विनोद पुष्कळ झाले. वृत्तवाहिन्यांनी दोन दिवस करमणूक केली आणि त्या पुढील विषयाकडे वळल्या. त्या रात्री असीरगडच्या मातीचे काय झाले, हा प्रश्न मात्र फारसा कोणी विचारला नाही. सातपुड्यातील ज्या वाटेने शतकानुशतके सैन्ये दक्षिणेत उतरली, ती वाट राखणाऱ्या गडाचा तो परिसर. तेथील मातीत सोने असो वा नसो, इतिहास निश्चित आहे. काही रात्रींत ती माती उलथीपालथी झाली. कोणाला काय मिळाले, कोठे मिळाले, किती खोलीवर मिळाले, याची नोंद कोणाकडेही नाही.

गुप्तधनाचा शोध महाराष्ट्राला नवा नाही. पायाळू माणसाला डोळ्यांत अंजन घातले की भूमिगत धन दिसते, ही समजूत खेड्यापाड्यांत पिढ्यान्‌पिढ्या नांदली. तिच्यापायी घडलेले अघोरी प्रकार इतके भयंकर होते की, २०१३ च्या महाराष्ट्राच्या जादूटोणाविरोधी कायद्यात गुप्तधनाच्या नावाखाली होणाऱ्या अमानुष कृत्यांचा स्वतंत्र उल्लेख करावा लागला. आता पायाळूची जागा यंत्राने घेतली आहे. अंजन जाऊन बॅटरी आली, मांत्रिक जाऊन घरपोच माल पोहोचविणारी दुकाने आली. यंत्राला नरबळी लागत नाही, हे चांगलेच झाले. भूमीवरचे संकट मात्र वाढले आहे, कारण पायाळूला काही दिसत नव्हते आणि यंत्राला खरोखर ऐकू येते.

सर्वसामान्य भारतीयाला मेटल डिटेक्टर ठाऊक आहे तो मंदिराच्या, चित्रपटगृहाच्या किंवा न्यायालयाच्या दारात. त्याचेच हाती धरून फिरविण्याचे भावंड म्हणजे हा धातुशोधक. तारेच्या वेटोळ्यातून प्रवाह सोडून बदलते चुंबकीय क्षेत्र निर्माण करायचे; त्या क्षेत्रात धातू आला की त्यात सूक्ष्म प्रवाह उमटतात आणि यंत्र किणकिणते. हौशी माणसाच्या यंत्राला नाण्याएवढी वस्तू साधारणतः वीतभर खोलीपर्यंत जाणवते. ‘वीतभर तर आहे, त्याने काय बिघडते?’ असे कोणी म्हणेल. सह्याद्रीतील गड ज्यांनी पायांखाली घातले आहेत, त्यांना याचे उत्तर सांगावे लागणार नाही. अनेक गडमाथ्यांवर काळ्या कातळावर मातीचा थरच मुळी पातळ आहे. शिवकाल तेथे दहा पुरुष खोल गाडलेला नाही, तो गवताच्या मुळांशी आहे. यंत्राची वीत नेमकी तेथेच पोहोचते.

हीच गोष्ट शहरांतील सार्वजनिक उद्यानांची. पुण्याचा शनिवारवाडा आज हिरवळीचा आणि फुलझाडांच्या वाफ्यांचा आहे. त्या हिरवळीखाली आणि तिच्या अवतीभवती मराठी साम्राज्याच्या राजधानीचे जोते आहे. सारसबाग आज मुलांच्या खेळण्याची जागा आहे. ती पेशव्यांनी पर्वतीच्या पायथ्याशी केलेल्या तळ्याच्या जागी उभी आहे आणि म्हणूनच तेथील सिद्धिविनायकाला पुणेकर ‘तळ्यातला गणपती’ म्हणतात. शनिवारवाड्याला केंद्रीय संरक्षणाचे कवच आहे. परंतु ज्या बागांच्या, मैदानांच्या आणि नदीकाठांच्या खाली काय आहे हे कोणी नोंदविलेलेच नाही, अशी गावे महाराष्ट्रात किती असतील? तेथे यंत्र घेऊन आलेल्या तरुणाला पहारेकरी काय विचारणार? झाडाचे फूल तोडल्यास दंड, असा फलक बागेत असतो. जमिनीच्या पोटाविषयी तो फलक मौन बाळगतो.

येथे एक आक्षेप सरळपणे विचारात घेतला पाहिजे. सापडलेले नाणे सरकारला द्यायचे कशासाठी? वस्तुसंग्रहालयाच्या कोठारात धूळ खात पडण्यापेक्षा एखाद्या इतिहासप्रेमी माणसाने ते घरी आदराने जपले तर काय वाईट? अनेक संग्राहकांनी शिवराया आणि होन जपले म्हणूनच ते आज अभ्यासकांना पाहावयास मिळतात, हे खोटे नाही. आक्षेपात तथ्याचा अंश आहे. पण तो आक्षेप घेणारे नाणे आणि पुरावा यांत गल्लत करतात. नाणे बाजारातही मिळते. ते कोणत्या थरात, कोणत्या खापराशेजारी, कोणत्या चुलीच्या राखेत पडले होते, हे एकदाच कळू शकते. कुदळीच्या पहिल्या घावानंतर ते कोणालाही, कितीही पैसे दिले तरी, कळत नाही.

उत्तर प्रदेशातील बागपत जिल्ह्यातले सिनौली हे नाव आता हिंदू समाजात घरोघर पोहोचले आहे. २०१८ मध्ये भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षणाने तेथे केलेल्या उत्खननात दफनांबरोबर रथ मिळाले. सुमारे चार सहस्र वर्षांपूर्वीच्या या रथांनी भारतीय प्राचीन इतिहासाच्या चर्चेत खळबळ उडविली. त्यांना रथ म्हणावे की बैलगाड्या, यावर विद्वानांत वाद आहे आणि तो चालू राहील. परंतु हे रथ सापडले कसे, हे समजून घेण्यासारखे आहे. रथांचे लाकूड केव्हाच मातीत विरून गेले होते. चाकांवर जडविलेले तांब्याचे त्रिकोणी तुकडे मात्र आपापल्या जागी, वर्तुळाकार मांडणीत, तसेच राहिले होते. अभ्यासकांनी कुंच्याने माती झाडत ती मांडणी उघडी केली आणि मातीतून चाक उभे राहिले. त्या शेतात एखादा यंत्रधारी हौशी माणूस आधी पोहोचला असता तर? यंत्राने किणकिण केली असती, त्याने एकेक त्रिकोण उपटून पिशवीत टाकला असता आणि भंगाराच्या भावात विकला असता. रथ चोरीला गेला, हे त्यालाही कळले नसते. कारण तेथे वस्तू म्हणून रथ नव्हताच. होती ती केवळ मांडणी.

उलट बाजूचे उदाहरण महाराष्ट्रातच आहे. अहिल्यानगर जिल्ह्यातील श्रीरामपूर तालुक्यातले दायमाबाद. १९७४ मध्ये तेथे एका स्थानिक शेतकऱ्याला झाडाचे मूळ खणताना चार भव्य ब्राँझमूर्ती सापडल्या: बैल जुंपलेला आणि सारथी उभा असलेला रथ, रेडा, हत्ती आणि गेंडा. एकंदर वजन ६० किलोहून अधिक. भारताच्या प्राचीन धातुकलेतील ही अलौकिक रत्ने आहेत. हा निधी विक्रीला न जाता राष्ट्राच्या संग्रहात पोहोचला, हे भाग्यच. तरीही या मूर्तींचा काळ कोणता, या प्रश्नावर विद्वानांचे आजतागायत एकमत नाही. त्या उत्तर हडप्पाकालीन, म्हणजे इसवी सनापूर्वीच्या दुसऱ्या सहस्रकातील, की बऱ्याच नंतरच्या? पुढे दायमाबादला सलग उत्खनने झाली, वस्तीचे एकामागून एक थर उलगडले. पण मूर्ती त्या थरांतून विधिपूर्वक बाहेर आल्या नव्हत्या. त्या सापडल्या, खणल्या गेल्या नाहीत. त्या शेतकऱ्याचा यात काडीचाही दोष नाही. परंतु एका निष्पाप खड्ड्याची किंमत एवढी मोठी असेल, तर हेतुपुरस्सर खणलेल्या हजारो खड्ड्यांची किती?

या देशाची प्राचीनता पुराव्यानिशी सिद्ध करावी, असे मनापासून वाटणारा फार मोठा वर्ग आहे. सिंधू-सरस्वतीच्या काठची वसाहत, द्वारकेची चर्चा, शिवकालीन आरमार, सर्वत्र ‘पुरावा द्या’ असे आव्हान दिले जाते. अयोध्येचा निर्णय देताना सर्वोच्च न्यायालयाने २००३ च्या उत्खननाचा अहवाल विचारात घेतला, तो थरांची आणि स्तंभाधारांची नोंद शास्त्रशुद्ध होती म्हणून. नोंद नसलेल्या दगडाला न्यायालयात वाचा फुटत नाही. हे ज्यांना अभिमानाने आठवते, त्यांनीच जमीन बेनोंद उकरणाऱ्यांकडे काणाडोळा करावा, हे विसंगत आहे.

परदेशांत काय चालते? धातुशोधनाचा छंद सर्वाधिक फोफावला तो इंग्लंडमध्ये. तेथील साप्ताहिक सुट्टीचे दृश्य म्हणजे शेतात कान लावून फिरणारी माणसे. पण जमीन कोणाची, हा प्रश्न पहिला. शेत असेल तर शेतकऱ्याची अनुमती. सार्वजनिक बाग असेल तर ती ज्या नगरपरिषदेची, तिची लेखी अनुमती. कित्येक परिषदा ती देतच नाहीत. काही देतात त्या अटी घालून देतात. संरक्षित प्राचीन स्थळी तर १९७९ च्या कायद्यानुसार संमतीवाचून यंत्र नुसते चालविणे हाच गुन्हा आहे. खणणे पुढची गोष्ट. १९९६ च्या निधी कायद्याने तेथे सोन्याचांदीच्या प्राचीन वस्तूंची माहिती चौदा दिवसांत देणे बंधनकारक केले. सोबत १९९७ पासून एक स्वेच्छा नोंदणी योजना सुरू झाली. तिच्यात आजवर १५ लाखांहून अधिक वस्तूंची, सापडल्या जागेसह, नोंद झाली आहे. सामान्य माणसांनी केलेली ही नोंद विद्यापीठे अभ्यासासाठी वापरतात.

प्रामाणिकपणाचे फळही तेथे मिळते. २००९ च्या जुलैत स्टॅफर्डशायरमधील एका शेतात एका हौशी संशोधकाला अँग्लो-सॅक्सन काळातील सोन्याचा प्रचंड साठा मिळाला. त्याने तो कळविला. तज्ज्ञांनी रीतसर उत्खनन केले. मूल्य ठरले ३२ लाख ८५ हजार पौंड; संग्रहालयांनी ते उभे केले आणि शोधकर्ता व शेतकरी यांनी निम्मेनिम्मे वाटून घेतले. याच्या अगदी विरुद्ध प्रकार २०१५ मध्ये हेरफर्डशायरात घडला. दोघांना व्हायकिंगांच्या काळातील सुमारे ३०० नाण्यांचा साठा मिळाला असावा, असा अंदाज आहे. त्यांनी तो दडपला, नाणी फोडून विकली. २०१९ मध्ये न्यायालयाने त्यांना अनुक्रमे दहा व साडेआठ वर्षांचा कारावास ठोठावला. अपिलात तो कमी झाला. तोवर हाती आली होती केवळ ३१ नाणी.

त्या ३१ नाण्यांनी मात्र एक मौज केली. वेसेक्सचा राजा आल्फ्रेड थोर आणि त्याचा शेजारी, मर्सियाचा राजा केओलवुल्फ हा व्हायकिंगांच्या हातचे बाहुले, असे आल्फ्रेडच्या पक्षाच्या बखरी सांगत आल्या होत्या. नाण्यांवर दोन सम्राट शेजारी शेजारी बसलेले आहेत, आणि तशी नाणी दोघांच्याही नावे आहेत. म्हणजे दोघे मित्र होते. पुढे एकाचा दरबार टिकला आणि त्याने दुसऱ्याला इतिहासातून पुसले. दरबारी फारसी तवारिखा आणि वखारवाल्या इंग्रजांची पत्रे यांच्या आधारे ज्यांच्या पूर्वजांचा इतिहास दीर्घकाळ लिहिला गेला, त्या मराठी वाचकाला या गोष्टीचे मर्म वेगळे सांगायला नको. परक्याच्या लेखणीला उत्तर देण्याचे सामर्थ्य कित्येकदा मातीतल्या तांब्याच्या चकतीतच असते.

त्याहून अधिक बोलके उदाहरण आयर्लंडचे आहे. १९८० च्या फेब्रुवारीत टिपरेरी परगण्यातील डेरीनाफ्लॅन येथील प्राचीन मठाच्या आवारात एका पितापुत्राला यंत्राच्या साहाय्याने चांदीचा उपासनापात्रांचा अनमोल संच मिळाला. मालकीचा खटला सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला. शोधकर्त्यांचे म्हणणे असे की, ज्या जुन्या इंग्रजी राजाधिकाराखाली गुप्तनिधी राजाचा ठरत असे, तो राजाच आता आयर्लंडमध्ये उरलेला नाही. मग निधी शासनाचा कसा? १९८७ च्या अखेरीस न्यायालयाने निर्णय दिला. इंग्रज राजाचा विशेषाधिकार संपला, हे मान्य. परंतु राष्ट्राच्या प्राचीन वस्तूंची मालकी ही राष्ट्राच्या सार्वभौमत्वातूनच निघते; ती परक्या राजाकडून वारसाने येण्याची गरज नाही. आणखी एक मुद्दा न्यायालयाने स्पष्ट केला. ते प्राचीन स्थळ पाहावयास येण्याची मुभा सर्वांना होती. पाहण्याची मुभा म्हणजे खणण्याची मुभा नव्हे. जमीन उकरताक्षणी ते दोघे अतिक्रमक ठरले. तरीही शासनाने त्यांना प्रत्येकी २५ हजार पौंडांचे पारितोषिक दिले आणि त्याच वर्षी कायदा करून प्राचीन वस्तूंच्या शोधासाठी विनापरवाना धातुशोधक वापरण्यावर बंदी घातली. पारतंत्र्यातून बाहेर पडलेल्या एका लहान देशाने भूमिगत वारशाचा प्रश्न स्वातंत्र्याच्या अर्थाशी नेऊन भिडविला.

भारताची स्थिती काय आहे? १८७८ चा निधी कायदा, व्हाइसरॉय लिटनच्या काळातला, आजही लागू आहे. दहा रुपयांहून अधिक मूल्याचा निधी सापडला तर जिल्हाधिकाऱ्यास लेखी कळवावे, असे मूळ कायदा सांगतो. १८७८ चे दहा रुपये! जिल्हाधिकारी जाहीर सूचना काढतो, दावेदारांना चार ते सहा महिन्यांनंतरची तारीख देतो, आणि निधी बेवारस ठरला तर अन्य करार नसल्यास तीन चतुर्थांश शोधणाऱ्याला, एक चतुर्थांश जमीनमालकाला. शासनाला तो हवा असेल तर धातूच्या मूल्यावर एक पंचमांश अधिक देऊन घ्यावा. लपविल्यास हिस्सा जप्त आणि एक वर्षापर्यंत कारावास. कायदा मुळात वाईट नाही. पण त्याची दृष्टी निव्वळ धातूच्या भावाची आहे. ज्यांनी अमरावतीचे शिल्पपट उचलून लंडनला नेले, त्यांच्या दृष्टीने या भूमीत पुरलेली वस्तू म्हणजे वाटणी करण्याजोगी मालमत्ता होती, यात नवल काय? शिवाय हा कायदा सापडल्यानंतर जागा होतो. शोधण्यापूर्वीच्या परवानगीविषयी तो बोलत नाही आणि यंत्राचा विचार त्याने करण्याचे कारणच नव्हते.

स्वातंत्र्योत्तर कायदे अधिक कडक आहेत. १९५८ च्या केंद्रीय आणि १९६० च्या राज्य कायद्याने संरक्षित स्मारकांत विनापरवाना खणण्यास मनाई केली. १९७२ च्या कायद्याने शंभर वर्षांहून जुन्या पुरावस्तूंची निर्यात खासगी व्यक्तींना बंद केली. १९५८ चा कायदा तर इतका दक्ष की, असंरक्षित जागीदेखील राज्य सरकारला पुरातत्त्वीय उत्खनन करायचे असेल तर केंद्राची पूर्वसंमती लागते. राज्य सरकारला जे करता येत नाही, ते पाठीवर पिशवी टाकून गडावर गेलेला हौशी माणूस रविवारी सकाळी करून येतो. कारण महाराष्ट्रातील शेकडो गडांपैकी बहुसंख्य गड कोणत्याच संरक्षित सूचीत नाहीत. कोणी वनखात्याच्या जमिनीवर, कोणी महसुली, कोणी खासगी. तेथे कोणाची अनुमती घ्यायची, हे विचारणारा प्रामाणिक माणूसही गोंधळून जाईल.

सरकारी यंत्रणेनेही या बाबतीत फार गांभीर्य दाखविले, असे नाही. २०१३ मध्ये उत्तर प्रदेशातील दौंडियाखेडा येथे, १८५७ च्या स्वातंत्र्यसमरात फाशी गेलेल्या राजा राव रामबक्ष सिंहांच्या किल्ल्यात एक हजार टन सोने असल्याचे स्वप्न एका साधूला पडले. तत्कालीन केंद्र सरकारमधील एका राज्यमंत्र्याने त्याचा पाठपुरावा केला आणि पुरातत्त्व सर्वेक्षण कुदळफावडी घेऊन हजर झाले. सोने मिळाले नाही. खापरे, विटा आणि जुन्या वस्तीचे अवशेष मिळाले, जे खरे तर मोलाचे. पण तोपर्यंत कॅमेरे निघून गेले होते. स्वप्नाला परवानगी लगेच मिळते आणि अभ्यासकाच्या अर्जाची फाइल महिनोन्‌महिने फिरते, असा समज लोकांत रुजला तर दोष लोकांचा नाही.

परंपरेकडे पाहिले तर तिने हा प्रश्न अधिक समंजसपणे हाताळलेला दिसतो. कौटिल्याने ‘कंटकशोधना’त निधीविषयी स्पष्ट नियम दिले आहेत. निधीची वार्ता देणाऱ्यास षष्ठांश, तो राजसेवक असल्यास द्वादशांश. लक्षाहून मोठा निधी राजाचा. आणि निधी आपल्या पूर्वजांचा असल्याचे शुद्ध वर्तनाच्या माणसाने सिद्ध केल्यास तो संपूर्ण त्याचा. गुपचूप हडप करणाऱ्यास सहस्र पणांचा दंड. सांगणाऱ्यास मान आणि लपविणाऱ्यास शिक्षा, असा हा दुहेरी विचार आहे. तोरणागडावर सापडलेल्या धनाची कथा प्रत्येक मराठी बालकाला पाठ असते. ते धन शिवरायांनी राजगडाच्या उभारणीला लावले, असे परंपरा सांगते. ज्याच्या कुदळीला हंडा लागला त्याने तो घरी नेला असता, तर राजगडाची गोष्ट कदाचित वेगळी झाली असती.

आता थोडे घरातले बोलणे. गेल्या दोन-तीन दशकांत महाराष्ट्रात दुर्गसंवर्धनाची एक सुंदर चळवळ उभी राहिली. शेकडो तरुण सुट्टीच्या दिवशी गडावर जातात, प्लास्टिक वेचतात, टाक्यांतील गाळ उपसतात, ढासळलेल्या पायऱ्या मोकळ्या करतात. यांत शाखांवरून घडलेले कार्यकर्ते आहेत, नोकरदार आहेत, महाविद्यालयीन मुले-मुली आहेत. त्यांच्या निष्ठेविषयी शंका घेण्याचा प्रश्नच नाही. परंतु निष्ठेची कुदळही कुदळच असते. टाक्यातील गाळ हा केरकचरा नव्हे. तो त्या टाक्याचा थरांथरांनी साठलेला इतिहास आहे. तो पाटीपाटीने कड्यावरून खाली लोटला की त्यात काय होते ते कळण्याचा मार्ग संपला. गाळात तोफेचा गोळा सापडतो, त्याच्याबरोबर छायाचित्रे काढली जातात, तो गडावरच्या मंदिरात ठेवला जातो किंवा एखाद्याच्या दिवाणखान्यात जातो. कोणत्या टाक्यात, किती खोलीवर, हे कोणी लिहून ठेवत नाही. क्वचित कोणी यंत्रही आणतो, ‘शिवराई सापडली तर बघू’ म्हणून. त्याच्या मनात चोरी नसते. असते ती भक्ती. असीरगडचा लोभी माणूस आणि हा भक्त यांच्या हेतूंत जमीनअस्मानाचे अंतर आहे. मातीला झालेली इजा मात्र सारखीच.

हे बोलणे अप्रिय वाटेल. पण २०२५ च्या जुलैत रायगड, राजगड, शिवनेरी, प्रतापगडासह महाराष्ट्रातील अकरा आणि तमिळनाडूतील जिंजी अशा बारा दुर्गांना जागतिक वारशाचा मान मिळाल्यानंतर ते बोलणे टाळता येणार नाही. त्याच वर्षी जूनमध्ये रायगडावरील उत्खननात ‘यंत्रराज’ हे खगोलमापनाचे प्राचीन उपकरण मिळाल्याचे जाहीर झाले. राजधानीच्या गडावर आकाशाचा वेध घेणारे साधन! ते रीतसर उत्खननात आणि ज्ञात जागी मिळाले, म्हणून त्यावर आता अभ्यास होऊ शकतो. तेच यंत्रराज एखाद्या हौशी माणसाने उपसून बाजारात आणले असते, तर ते कोठल्या तरी लिलावात ‘पश्चिम भारत, जागा अज्ञात’ अशा चिठ्ठीसह झळकले असते.

जागेच्या पुराव्याचे बळ किती असते, हे तमिळनाडूतील पाथूरच्या नटराजाने साऱ्या जगाला दाखविले. १९७६ मध्ये एका मजुराला जमीन खणताना ही मूर्ती सापडली. मोजक्या पैशांत ती हातोहात फिरत लंडनला पोहोचली आणि तेथे एका परदेशी कंपनीने ती अडीच लाख पौंडांना विकत घेतली. खटला लंडनच्या न्यायालयात उभा राहिला. मूर्ती पाथूरचीच हे सिद्ध करण्यासाठी धातूची, तिला चिकटलेल्या मातीची, इतकेच नव्हे तर वाळवीच्या खुणांचीही तज्ज्ञांनी चिकित्सा केली. दाव्यात वादी म्हणून भग्न मंदिरातील शिवलिंगही होते. १९८८ मध्ये इंग्लंडच्या उच्च न्यायालयाने आणि १९९१ मध्ये अपील न्यायालयाने मंदिराचा हक्क मान्य केला आणि नटराज स्वदेशी परतला. मातीने साक्ष दिली म्हणून देव घरी आला. मूर्ती घासूनपुसून चकचकीत केली गेली असती, तर मातीच्या आणि वाळवीच्या त्या खुणाही उरल्या नसत्या.

सरकारकडून अपेक्षा आहेत त्या फार खर्चाच्या नाहीत. गड, किल्ले, सार्वजनिक उद्याने, नदीपात्रे आणि तीर्थक्षेत्रांची आवारे येथे लेखी परवान्याविना धातुशोधक वापरणे हाच गुन्हा ठरावा. सापडण्याची वाट पाहू नये. परवाना मागायचा कोणाकडे, याचे एकच ठिकाण असावे: जिल्हाधिकारी कार्यालय आणि त्याच्या पाठीशी पुरातत्त्व खात्याचा एक जाणकार. १८७८ च्या कायद्यातील दहा रुपयांची रेघ पुसून पुरावस्तूची कसोटी यावी, आणि प्रामाणिक शोधकर्त्याला मोबदल्याबरोबर संग्रहालयातील पाटीवर नावही मिळावे. शेतकऱ्याच्या मनातील ‘कळविले तर जमीन जाईल’ ही भीती दूर करणे सर्वांत कठीण आणि सर्वांत आवश्यक. उद्यानात फुलांविषयीच्या फलकावर आणखी एक ओळ लिहिण्यास तर महापालिकेला कोणाच्याच संमतीची गरज नाही.

दुर्गसेवेला निघणाऱ्या गटांनी मात्र कायद्याची वाट पाहू नये. गाळ काढण्यापूर्वी गड ज्या खात्याच्या ताब्यात आहे त्याचे आणि पुरातत्त्व संचालनालयाचे लेखी पत्र हाती असावे. सोबत पुरातत्त्वाचा एक विद्यार्थी असावा, पुण्याच्या डेक्कन कॉलेजातून किंवा जवळच्या विद्यापीठातून. काही दिसले तर हात थांबवावा. वस्तू धुऊ नये, घासू नये. आहे तेथेच तिचे छायाचित्र घ्यावे, शेजारी मोजपट्टी ठेवून. टाक्याचे नाव, काठापासूनचे अंतर, खोली आणि दिनांक वहीत लिहून दोघांनी सही करावी. मग तहसीलदाराला कळवावे आणि पोच घ्यावी. यंत्र घरीच ठेवावे.